ब्लोअर एक नंबरवर चालू करून देणाऱ्यांचे आभार

आमच्या जुन्या गाडीचा ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) फक्त चारवर, म्हणजे फुल स्पीडवरच चालायचा आणि आईला तो झोत अजिबात सोसत नाही. एक ते तीनवर करंट कमी करून पंखा हळू फिरवतो तो रेझिस्टर; चारवर करंट त्याला वगळून थेट मोटरला जातो, म्हणजे मोटर ठणठणीत आहे, रेझिस्टर गेलाय, हे नाना पेठेतल्या स्पेअरपार्टवाल्या काकांनी ऐकताक्षणी सांगितलं आणि महागडी मोटर घेऊ दिली नाही. काका, मनापासून आभार!

वायरमन दादांचे तर किती मानू! नुसता रेझिस्टर बदलून ते मोकळे झाले नाहीत. जळून तपकिरी पडलेला कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून नवा लावला, मोटर उतरवून पंख्यातला पाचोळा काढला. पंखा जड फिरला की मोटर जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टरही जळतो, हेही नीट समजावलं. आईने तुम्हा दोघांना भरभरून आशीर्वाद सांगितलेत.