रंग पाहायला प्रकाशच लागतो

महोदय,

‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक कालबाह्य झाला’ हे आपल्या रविवारच्या विज्ञान पानावरील लेखातले विधान पटले नाही. लेख एरवी उत्तम आहे. पण इथल्या शाळांत हे पान फलकावर लागते, म्हणून लिहिणे भाग पडले.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरखालचे तपशील सुटे दिसत नाहीत. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला ते दिसतात, हे खरेच. पण त्याचे चित्र करड्या छटांचे असते, छापलेले रंग मागाहून भरलेले असतात. मोरपिसाचा एक तंतू शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वरून उजेड पाडा. निळे-हिरवे तुकडे झगमगतात. उजेड खालून सोडला की तोच तंतू तपकिरी! याचे कारण मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या सूक्ष्म कांड्यांच्या जाळीत आहे आणि ती जाळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच दाखवतो. सोन्याच्या नॅनोकणांचेही तसेच. कणाचा आकार बदलला की रंग बदलतो, म्हणून खुणा कोरलेल्या पट्टीवर नेमका तोच कण दोन्ही यंत्रांखाली शोधून तपासतात: रंग प्रकाशाच्या, आकार इलेक्ट्रॉनच्या. आता तर काही उपकरणांत दोन्ही सोयी एकत्र असतात.

लेखमालेच्या पुढच्या भागात या जोड-पद्धतीला जागा द्यावी, आणि जुने सूक्ष्मदर्शक भंगारात काढायला निघालेल्या शाळांनी तो विचार सोडावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, विश्रामबाग, सांगली