मखर घरी करा, पण करवतीचे गार्ड बांधून ठेवू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकडी मखर करणाऱ्या हौशी मंडळींवर आपण जो लेख छापला, तो मी दोनदा वाचला. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर घडीचे, गणपती उठले की सुटे करून माळ्यावर ठेवता येईल असे लाकडी मखर करण्याकडे अनेकांचा ओढा वाढला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. लेखातल्या एका मखराच्या बीडिंग पट्टीचे कोपरे तर इतके नीट मिळालेले होते की, छायाचित्रावरूनही त्या हाताला दाद द्यावीशी वाटली. परंतु लेखाच्या माथ्यावर जे मोठे छायाचित्र होते, त्याने मला हे पत्र लिहायला लावले. त्यात एक गृहस्थ मायटर सॉ नावाच्या विजेच्या गोल करवतीवर पट्टी कापत आहेत, त्यांचा डावा अंगठा पात्यापासून जेमतेम चार बोटांवर आहे आणि पाते झाकणारे गार्ड बाइंडिंग वायरने वर बांधून टाकलेले आहे. छायाचित्राखाली ‘सफाईदार हात’ अशी ओळ होती.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकतीस वर्षे पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत ओतकाम होण्यापूर्वी वाळूत ज्याचा ठसा घेतात, तो लाकडी नमुना आम्ही करतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसते म्हणून तो मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर मोठा धरावा लागतो, आणि त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरवरून भांडण्याची आम्हाला सवय असते. एवढे सांगण्याचे कारण इतकेच की, लाकूड कापणाऱ्या यंत्रांशी माझा संबंध हौसेपुरता नव्हता, आणि तरीही माझी चूक झाली ती घरी झाली. ती पुढे सांगतो.

मायटर सॉ म्हणजे फिरत्या टेबलावर बसवलेली, वरून खाली आणायची गोल करवत. चौकटीच्या कोपऱ्याला लागणारा पंचेचाळीस अंशांचा काप ती क्षणात देते, म्हणून फर्निचरवाल्यांपासून स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडे ती दिसते, आणि हल्ली दहा-पंधरा हजारांत मिळू लागल्याने घराघरांतही पोहोचली आहे. दहा इंची पात्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर भरतो. ते मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाते अशा दिशेने फिरते की त्याचे खालचे दात लाकडाला पलीकडे, म्हणजे मागच्या उभ्या आधारपट्टीकडे ढकलत असतात. लाकूड त्या पट्टीला घट्ट टेकलेले असेल, तर हे ढकलणे आपल्या फायद्याचे ठरते, कारण लाकूड जागचे हलत नाही. मध्ये फट राहिली, तर पाते तेवढ्या फटीतून लाकूड ओढून पट्टीवर आपटते आणि लाकूड धरणारा हातही त्याच्यामागे जातो. या यंत्रावरचे बहुतेक अपघात समजून घ्यायचे तर ही एक गोष्ट मनात पक्की असावी लागते.

मखराच्या मापाने कापलेल्या सागवानी पट्ट्या झाल्यावर, निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, मी घरच्या पडवीत देव्हाऱ्याची कोपरपट्टी कापत होतो. उरलेला तुकडा पाच-सहा सेंटिमीटरचा होता आणि टाकवत नव्हता. क्लॅम्प हाताशी होता, पण एका तुकड्यासाठी तो कोण आवळत बसणार, म्हणून अंगठ्याने दाबून धरला. आधारपट्टीच्या बुडाशी चिमूटभर भुसा साचलेला मला दिसला नाही. त्यामुळे तुकडा पट्टीला टेकल्यासारखा वाटला, प्रत्यक्षात टेकलेला नव्हता. पाते लागले, फाट्‌कन आवाज झाला, तुकड्याची दोन शकले झाली. एक माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडून गेले आणि अंगठा आधारपट्टीवर असा आदळला की नख काळेनिळे पडले व दोन महिन्यांनी गळून गेले. गार्ड जागेवर होते, म्हणून गोष्ट नखावर थांबली. आता पट्टी ठेवण्याआधी मी दर वेळी ब्रशने भुसा झाडतो, आणि आखूड तुकडा हाताने धरत नाही. हातभर लांब पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि हवा तो लहान तुकडा तिच्या मोकळ्या टोकाकडून कापून घ्यायचा, ही खरी रीत. पट्टीच तेवढी उरली नसेल, तर करवत नेमक्या कोनात धरून ठेवणारी खाचांची लाकडी पेटी आणि बारीक दातांची हातकरवत घ्यावी. तिला पाच मिनिटे जास्त लागतात.

गार्ड बांधून ठेवण्याची सवय आपल्याकडे कुठून आली, हे उघड आहे. आपण यंत्र विकत घेतो, पण ते चालवायला शिकतो फ्लॅटमध्ये फर्निचर करायला आलेल्या कारागिरांकडे पाहून. त्यांना दिवसाला शेकडो काप घ्यायचे असतात, पेन्सिलची रेघ दिसायला हवी असते, आणि गार्ड मध्येच अडकते म्हणून ते एकदाच तारेने वर बांधून मोकळे होतात. मी स्वतः हे यंत्र घेतले त्या दुकानातल्या विक्रेत्यानेही मला हाच सल्ला दिला होता. वर, तारही फुकट देऊ केली होती. वास्तविक गार्ड अडकते ते त्याच्या दांडीत भुसा आणि लाकडाचा चीक बसल्याने. प्लग काढून, जुन्या टूथब्रशने ते साफ केले आणि स्प्रिंग ढिली असेल तर बदलली, की ते लोण्यासारखे वरखाली होते. रेघेचे म्हणाल, तर स्विच न दाबता पाते खाली आणून दात रेघेला लावून पाहावा, मग वर नेऊन यंत्र चालू करावे. एकदा सवय झाली, की याला वेळ लागत नाही. (लाकडाचे ब्लेड लावून मार्बल कटर हातात धरणाऱ्यांविषयी वेगळे पत्र लिहावे लागेल.)

हात पात्यापासून किमान सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर दूर असावा, असे बहुतेक माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. पण टेबल डावीकडे पंचेचाळीस अंशांत फिरवले की पात्याची वाट डाव्या हाताकडे सरकते, आणि काटकोनी कापाला सुरक्षित असलेली जागा आता सुरक्षित राहत नाही. मखराचे काम बहुतेक याच कोनात असते, तेव्हा प्रत्येक वेळी टेबल फिरवल्यावर, यंत्र बंद असताना, पाते एकदा खाली आणून ते कुठून जाते ते डोळ्यांनी पाहावे. डाव्या बाजूचा तुकडा उजव्या हाताने धरून, डाव्याने मूठ ओढून, हातांची कैची करणे तर कधीच नको.

पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावे, आणि काप पूर्ण झाल्यावर स्विच सोडून, मूठ खालीच धरून, पाते थांबेपर्यंत वाट पाहावी. लोक घाईने मूठ वर उचलतात. पात्याच्या मागच्या बाजूचे दात त्या वेळी खालून वर येत असतात, आणि सुटा पडलेला तुकडा ते उचलून भिरकावतात. ज्या यंत्राचे पाते रुळांवर पुढेमागे सरकते, त्यात पाते आधी आपल्याकडे ओढून, खाली दाबून, मग पलीकडे ढकलत कापायचे असते. उलट, कापता कापता आपल्याकडे ओढले तर पाते लाकडावर चढून अंगावर येते.

कोल्हापुरात जुने वाडे उतरवताना निघालेले सागवान मखराला फार शोभते, पण त्यात खिळे दडलेले असतात. अशा लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवावा. खिळ्याला लागून पात्याचा कार्बाइडचा (कठीण धातूचा) दात उडाला, तर तो कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून गॉगल हवा. वाचायचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. वाकलेली पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू आधारपट्टीला लावावी. उलटी लावली तर मधोमध फट राहते आणि काप पात्याला चिमटा घेतो.

गणपतीचे काम श्रावणात, म्हणजे ऐन पावसात येते. पडवी ओली असते, गच्चीवरच्या पत्र्याखाली ठिपके पडत असतात. १८०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर आठ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेते, आणि आपण ते पंख्याच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर, मोबाइल चार्जरच्या बारीक वायरीच्या एक्सटेन्शनला लावतो. त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि घराच्या बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवे. लोडशेडिंगच्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते: वीज गेली की लगेच प्लग काढावा. स्विच दाबलेल्या स्थितीत अडकवून किंवा बांधून ठेवला असेल, तर वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू होते, आणि तेव्हा आपण चहा घेत असू, नातवंडे मात्र पडवीत असतील. पाते बदलतानाही प्लग आधी काढावा. अनेक यंत्रांत पात्याचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो. नेहमीच्या सवयीने सोडवायला जाणारा माणूस तो आणखी आवळतो आणि पाना निसटून दातांवर हात घासतो. नव्या पात्यावर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी नसावा.

हातमोजे घालू नयेत, कारण दातात अडकलेला मोजा बोटालाही ओढून नेतो. मोकळ्या बाह्या, ओढणी, गळ्यातील टॉवेल आणि लुंगी यांचेही तेच. भुसा केवळ घाण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, तेव्हा यंत्राच्या पिशवीवर विसंबू नये आणि चांगला मास्क लावावा. कानांत प्लग घालावेत हेही ओघाने आलेच.

एवढे करूनही अपघात झाला, तर जखमेत हळद किंवा कॉफी भरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले की पुन्हा जोडण्याची शक्यता घटते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांभोवती संरक्षक कुंपण मालकाला बंधनकारक केले होते. आमच्या शॉपमध्ये निरीक्षक यायचे म्हटल्यावर सगळी गार्ड रातोरात जागेवर यायची, हे मी लपवणार नाही. घरच्या पडवीत निरीक्षक येत नाही. तिथे कुटुंबातल्या माणसांखेरीज पाहणारे कोणी असते ते आपल्यासारख्या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. म्हणून आपल्याला माझी विनंती अशी की, यापुढे असे छायाचित्र घेताना गार्ड खाली आहे ना, हात लांब आहेत ना, एवढे तपासावे, आणि नसल्यास छायाचित्र छापू नये. विक्रेत्यांनीही खोक्यातली इंग्रजी पुस्तिका न वाचताच ग्राहकाच्या हातात देण्याऐवजी, दुकानातच एक काप घेऊन दाखवावा आणि मराठीतला एक कागद सोबत द्यावा.

छायाचित्रातल्या त्या गृहस्थांचे नाव-गाव मला ठाऊक नाही, परंतु त्यांचे मखर खरोखर सुंदर होते. माझे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवता आले, तर पोहोचवावे. ती बांधलेली तार सोडून त्यांनी स्प्रिंग तपासून पाहावी. आमच्या उद्यमनगरात तसली स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते, आणि बसवायला पेचकस पुरतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर