बालवाडीच्या गेटवरचा शनिवार आणि जप्त झालेला काटा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबरात पोषण महिन्याचे फोटो तुमच्या पेपरात आले होते, पालेभाज्यांच्या रांगोळ्या, ताटं सजवलेली, मागे बॅनर. छान होते, मी माझ्या पोराला दाखवले पण. आता तोच विषय पण फोटोत न आलेला भाग लिहितेय, जागा असेल तर छापा.

मी नाशकात राहते, मुलगा चार वर्षांचा, घराजवळच्या बालवाडीत जातो. शनिवारी बालवाडी साडेअकराला सुटते. गेल्या पावसाळ्यापासून त्या वेळेला गेटच्या बाजूच्या झाडाखाली तीन-चार शेतकरी येऊन बसायला लागले. आमच्यातल्याच एका आईचं माहेर दिंडोरीकडं, तिचा भाऊ तसाही मार्केटला माल घेऊन येतो तर ती म्हणाली दोन कॅरेट इकडं पण उतरव, तिथून सुरू झालं. मग पेठकडच्या एक मावशी यायला लागल्या, पावसात कुर्डू, करटोली, टाकळा आणि वर्षभर नागली. (पुण्याचे पाहुणे नाचणी म्हणतात, आम्ही नागलीच म्हणतो.) हिवाळ्यात मटार, गाजर, हरभऱ्याचे डहाळे, एखाद्या शनिवारी सुरगाण्याची स्ट्रॉबेरी. मंडप नाही, बोर्ड नाही, एक गोणपाट आणि एक इलेक्ट्रॉनिक काटा.

यात काय एवढं, भाजी तर कोपऱ्यावर पण मिळते, असं माझे मिस्टर पण म्हणाले होते. फरक असा की कोपऱ्यावरची भाजी मी घेते आणि इथली पोरं घेतात. त्यांच्या उंचीला असतं ना सगळं, जमिनीवर. माझा पोरगा घरी मटार दिसला की ताटातून एकेक वेचून बाहेर काढायचा, तो इथं पायरीवर बसून शेंगा सोलतो, दोन वाटीत एक तोंडात. एकदा शेंगेत अळी निघाली, मी ईऽऽ केलं तर मटारवाले शेतकरी दादा म्हणाले ताई तिला पण तोच मटार आवडला बघा. झालं, तीन पोरांनी मिळून त्या अळीला पानात गुंडाळून घरी न्यायचं ठरवलं, ती कुणाच्या घरी गेली देव जाणे. पण त्या दिवसापासून मटार चालतो. कारलं अजून नाही चालत, उगाच खोटं कशाला सांगू.

गेटसमोरच्याच टपरीवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, त्यात टोमॅटो फ्लेवर पण आहे. टोमॅटो फ्लेवर, नाशिक जिल्ह्यात! २०२३ च्या उन्हाळ्यानंतर टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा सगळा देश बोंबलत होता, आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत भाव असा पडला की इथल्याच शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. आणि त्याच जिल्ह्यातली पोरं टोमॅटोची चव पाकिटातून ओळखतात. मला तर याचं हसू येतं मग रडू येतं.

ही भाजी सेंद्रिय वगैरे आहे असा माझा दावा नाही. दादांना विचारलं तर सरळ सांगतात, टोमॅटोवर फवारणी करावीच लागते, पण औषध मारलं की तोडणीला तेवढे दिवस थांबतो. हे उत्तर मला चकाचक पॅकिंगवरच्या हिरव्या पानापेक्षा बरं वाटतं. भाव पण दरवेळी कमी नसतो, स्ट्रॉबेरी तर महागच. पण मेथीची जुडी सकाळी तोडलेली असते, आणि त्यांना हमाली, तोलाई काही जात नाही, पैसे रोख हातात. २०१६ साली सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हा शहरात शेतकरी आठवडे बाजार भरवायचे म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. चांगलं काम होतं ते. पण माझ्या बघण्यातले असे बाजार मोठ्या मैदानावर, संध्याकाळी, गाडी असलेल्या लोकांसाठी. लहान पोराला कडेवर घेऊन कोण जाणार तिकडं?

आता मुख्य गोष्ट. बालवाडीच्या मागच्या गल्लीत अंगणवाडी आहे. तिथल्या ताई शनिवारी येऊन दहा रुपयांची कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला घेऊन जायच्या, स्वतःच्या पैशातून, खिचडीत टाकायला. मी विचारलं तर हसल्या. २०१७ साली केंद्राने अंगणवाडीतल्या साध्या, म्हणजे अतिकुपोषित नसलेल्या मुलामागे आहाराला दिवसाला ८ रुपये ठरवले, त्यात तेव्हा ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची होती. ८ रुपयांत चहा पण येत नाही आमच्याकडं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आणि ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे शंभरातली एकोणसत्तर. आणि त्यांच्यापासून पन्नास पावलांवर पालेभाजी आहे, नागली आहे, लिंबू आहे पिळायला. अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार लावू नका, गावातले बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून काम करून घ्या, हे सुप्रीम कोर्टाने २००४ सालीच सांगितलंय. मग आठवड्याला दोनेकशे रुपयांची ताजी भाजी अंगणवाडी सेविकाताईंनी थेट शेतकऱ्याकडून साध्या पावतीवर घेतली तर कुणाचं काय बिघडतं?

हे सगळं आत्ताच का लिहितेय तर महिन्याभरापूर्वी कुणीतरी तक्रार केली. रस्ता अडतो म्हणून. अगदीच खोटी नव्हती तक्रार, आम्ही आयाच गाड्या कशाही लावतो ते मान्य. पण महापालिकेचं पथक आलं ते गाड्यांना काही न बोलता थेट काटा आणि दोन कॅरेट उचलून घेऊन गेलं, मावशींच्या नागलीच्या पिशवीसकट. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात लिहिलंय की जप्त मालाची यादी द्यायची, नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करायचा आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. यादी मिळाली नाही. मटार कुठं गेले ते विचारायचीच सोय नाही. पोरं तिथंच उभी होती बघत, एकीने विचारलं पोलीस काकांना पण मटार आवडतात का, ते पोलीस नव्हते पण असो.

तेव्हापासून झाडाखाली कुणी येत नाही. टपरी चालू आहे.

आमचं मागणं फार नाही. शनिवारी अकरा ते एक, फक्त दोन तास, झाडाखालची ती पट्टी आखून लेखी परवानगी द्या, भाडं लावायचं तर वाजवी लावा. गाड्या पलीकडच्या मैदानात लावायची जबाबदारी आम्ही आया घेतो, आळीपाळीने दोघी उभ्या राहू, तशी यादी पण केलीय. आणि शहरात जिथं जिथं बालवाडी-अंगणवाडी सुटते तिथं असं करता येईल का याचा विचार व्हावा, पोषण महिन्याची वाट न बघता.

काट्यासाठी दादा दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळेस साहेब मीटिंगमधे. मागच्या सोमवारी मी गेले, पावती आणा म्हणाले. पावती त्यांनीच दिली नव्हती.

आपली,
एक वाचक आई, नाशिक