बाबांचा संग्रह फोनवर आणून देणाऱ्या लेकीस

प्रिय मैत्रिणीच्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

नाव कुठे लिहू नकोस असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. बाबांचा गाण्यांचा संग्रह तू कॉम्प्युटरवरून माझ्या फोनवर आणून दिलास, आणि तोही त्यांनी लावून ठेवला होता त्याच क्रमाने. तुझ्याआधी तो क्रम कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता.

"आता सगळं ऑनलाइन मिळतं, जुनं कशाला सांभाळतेस?" हे मी कितीजणांकडून ऐकलं. विकतच्या सीडींबाबत ते खरंही असेल. पण घरच्या बैठकींची बाबांनी कॅसेटवर केलेली ध्वनिमुद्रणं कुठल्या ॲपवर मिळणार? मध्येच कुणी दाद देतं, तंबोरा पुन्हा जुळवला जातो, आणि सुरुवातीला बाबांचा आवाज येतो, रागाचं नाव आणि तारीख सांगणारा. एका दुकानात हे सगळं फोनवर भरून घेतलं तेव्हा फायली एकाच यादीत ओतून मिळाल्या. जिकडे बघावं तिकडे 'ट्रॅक ०१'. इंग्रजी नावं अक्षरक्रमाने लागल्यामुळे द्रुत म्हणजे जलद भाग आधी आणि विलंबित म्हणजे संथ भाग नंतर. ख्याल असा उलटा ऐकवत नाही गं.

तू आलीस आणि कॉम्प्युटरला हात लावण्याआधी विचारलंस, "मावशी, आजोबा कसं ऐकायचे?" मी त्यांची वही दाखवली. त्यात गायकांच्या याद्या नाहीत, प्रहर आहेत. सकाळी भैरव आणि तोडी, दुपारी सारंग, सांजेला मारवा आणि पूरिया, रात्री बागेश्री आणि मालकंस. ती वही तू शेवटपर्यंत वाचलीस. मग सगळ्या संग्रहाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवलीस आणि त्यानंतरच कामाला लागलीस.

पुढचं काम मी शेजारी बसून पाहिलं, आणि इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडं खुलाशाने लिहिते. फायलीचं नाव वेगळं आणि फायलीच्या आत लिहिलेली माहिती वेगळी, हे तू आधी समजावलंस. प्लेअर बहुतेकदा ही आतली माहिती, म्हणजे टॅग, वाचतो. सीडींसाठी तू म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे टॅग भरणारं सॉफ्टवेअर वापरलंस. ते आवाजाच्या ठशावरून ध्वनिमुद्रण ओळखतं आणि बाकीचा तपशील भरतं. बैठकींच्या ध्वनिमुद्रणांना त्याचा उपयोग नव्हता, तिथे तू एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये एकेक नोंद हाताने भरलीस. एकच कुमार गंधर्व तीन ठिकाणी विखुरले होते: एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजीत, एकदा 'पंडित' लावून. फोनच्या लेखी ते तीन वेगळे गायक. ते एका नावाखाली आले. विलंबिताला क्रमांक १, द्रुताला २ मिळाला. आणि 'जॉनर'च्या, म्हणजे संगीतप्रकाराच्या, रकान्यात तू रागाचं नाव घातलंस! आता फोनवर त्या यादीत बोट ठेवलं की बाबांची वहीच उघडते. मला ही कल्पना सर्वांत जास्त आवडली.

कॅसेटवरून उतरवलेल्या वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या, फायली फार मोठ्या होत्या. सीडीच्या दर्जाचं तासाभराचं ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ एमबी भरतं. तेच ओपस या आवाज दाबून लहान करणाऱ्या प्रकारात, १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाला, साठ एमबीच्या आत बसतं. तू एफआरई:एसी या मोफत प्रोग्रामने फोनसाठी ओपस प्रती केल्यास आणि कॉम्प्युटरवर फ्लॅक ठेवलंस; या प्रकारात फाइल लहान होते, पण मूळ आवाजातलं काही जात नाही. बाबांनी हेच केलं असतं. मूळ कॅसेट ते कुणाला देत नसत, प्रत करून देत.

केबलने फायली जातात हे मला माहीत होतं. जोडल्यावर फोन नुसता चार्ज होत राहतो आणि वरच्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, हेही. पण तू सिंकथिंग हे दोन यंत्रांतल्या फायली आपोआप जुळत्या ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून दिलंस. कॉम्प्युटरवरच्या क्यूआर कोडसमोर फोन धरला आणि दोघांची ओळख झाली. आता दोन्ही यंत्रं चालू असली की घरच्या वायफायवर नवं गाणं आपोआप फोनवर येतं. मध्ये कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर ते साठवलं जात नाही, महिन्याची वर्गणी नाही. कॉम्प्युटरची बाजू 'फक्त पाठवा' आणि फोनची 'फक्त घ्या' अशी तू करून ठेवलीस, त्यामुळे फोनवर चुकून काही पुसलं गेलं तरी मूळ संग्रह शाबूत राहतो. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, तेव्हा त्यातून निघालेली 'फोर्क' आवृत्ती तू शोधून घातलीस.

प्रहरांच्या प्लेलिस्टही तू सोडल्या नाहीस. प्लेलिस्टची एम३यू फाइल म्हणजे गाण्यांच्या पत्त्यांचा साधा मजकूर असतो, आणि आमच्या याद्यांत प्रत्येक ओळीला कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा पत्ता होता. फोनला तो डी ड्राइव्ह कुठून सापडणार? तू सगळे पत्ते सापेक्ष, म्हणजे यादीच्याच फोल्डरपासून सुरू होणारे, करून दिलेस, आणि व्हीएलसी या प्लेअरने त्या याद्या निमूट वाचल्या. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून हा प्लेअर घडला, २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली आहे, हे तू सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. जाहिरात नाही, पैसे नाहीत. तो सांभाळणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेला मी देणगी पाठवली आहे. तुझ्यासारखीच तीही मंडळी आहेत.

आईची नजर आता अधू झाली आहे, टीव्ही नको वाटतो. सकाळी मी तिच्याजवळ स्पीकर ठेवून तोडीची यादी लावते. बाबांचा आवाज आला की ती म्हणते, "तारीख बरोबर सांगितली हो." तू हे ऐकायला एकदा ये.

आणि तुझ्या आईच्या भजनी मंडळाच्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत ना, त्या येताना घेऊन ये. माझा कॅसेट प्लेअर अजून चांगला चालतो. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये उतरवून, टॅग भरून, मी तिला तिच्या फोनवर लावून देईन.

तुझी,
मावशी