मातीपाण्याचे कागद एका छताखाली आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पाटबंधाऱ्याच्या कामांशी संबंधित एका सरकारी कार्यालयात १९७६ ते २०१२ अशी ३६ वर्षे अनुरेखक होतो. अभियंत्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचा, हे माझे काम. आता अंबाजोगाईला असतो. मराठवाड्यातल्या माती-पाण्याचे जुने अहवाल आणि नकाशे लोकांना एका ठिकाणी सापडावेत, यासाठी लिहितो आहे. पत्र लांबेल, पण कृपया छापावे.

माझी भाची सिंदफणेच्या खोऱ्यातल्या मातीवर पीएच.डी. करते. दिवाळीत आली तेव्हा तिने विचारले, ‘मामा, सत्तर-ऐंशी सालातले साठवण तलावांचे सर्वेक्षण अहवाल कुठे मिळतील?’ तिने चार कार्यालयांत अर्ज दिले होते. दोन ठिकाणचे उत्तर आलेच नव्हते. एका ठिकाणाहून ‘शोध घेतला असता अभिलेख आढळून येत नाही’ असे लेखी आले होते, आणि चौथ्या ठिकाणी तिला पाचव्या कार्यालयात जायला सांगितले होते. यातले काही अहवाल मी स्वतः हाताळलेले आहेत. तरी ते आज कुठे आहेत, हे मला सांगता आले नाही.

मग तिने मोबाइलवर एक अहवाल उघडून दाखवला. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात सुसिटना नावाची नदी आहे. तिच्यावर मोठे धरण बांधायचे म्हणून १९८० नंतरच्या काही वर्षांत भरपूर अभ्यास झाला. पुढे १९८६ च्या सुमारास तो प्रकल्प बाजूला पडला. जवळपास पंचवीस वर्षांनी धरणाचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा आधीच्या पिढीने नदीतले मासे, बर्फ, गाळ, खडक यांचे जे मोजून ठेवले होते ते एका ग्रंथालयात जपलेले होते. धरण अजून झालेले नाही, तो भाग वेगळा. पण बीडजवळच्या तळ्याचा कागद आमच्या पोरीला मिळत नाही आणि सुसिटनेचा अहवाल तिला बसल्या जागी वाचता येतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून त्या ग्रंथालयाची हकीकत समजून घेतली. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन वाल्डेझ हे तेलाचे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. पक्षी, मासे, पाणमांजरे मेली, कोळ्यांचा धंदा बसला. मग किती नुकसान झाले, काय सावरले, याचे अभ्यास सुरू झाले आणि कागदांचा ढीग वाढत गेला. हे कागद सामान्य माणसाला पाहता यावेत म्हणून अँकरेज शहरात एक सार्वजनिक माहिती केंद्र उघडले. त्याच शहरात वन्यजीव, जमीन, राष्ट्रीय उद्याने अशा वेगवेगळ्या खात्यांची आपापली छोटी ग्रंथालये होती. विद्यापीठाचेही होते. पुढे सरकारी पैसा आटला आणि ही एकेकटी ग्रंथालये बंद पडतील अशी वेळ आली. तेव्हा केंद्राची खाती, राज्याचे खाते आणि विद्यापीठ एकत्र बसले. कुणी पुस्तके दिली, कुणी माणसे, कुणी पैसा. त्यातून १९९७ साली एकच ग्रंथालय उभे राहिले. अलास्का रिसोर्सेस लायब्ररी अँड इन्फर्मेशन सर्व्हिसेस असे त्याचे लांबलचक नाव असले तरी तिकडे सारे त्याला ‘आर्लिस’ म्हणतात. आता ते विद्यापीठाच्या आवारात आहे आणि कुणीही आत जाऊन वाचत बसू शकतो.

यात मला सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती ही, की पैसा कमी पडला म्हणून ते एकत्र आले. आपल्याकडे पैसा कमी पडला की पहिल्यांदा ग्रंथपालाची जागा रिकामी राहते, मग खोलीला कुलूप लागते. अलास्काची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आत आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेत पावणेदोन कोटींच्या वर माणसे होती. एवढ्या माणसांच्या पाण्याचे कागद कुठे आहेत?

आहेत तसे पुष्कळ, पण विखुरलेले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या कांचनवाडीला १९८० साली वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था सुरू झाली, तिथे सिंचनाचे आहे. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, तिथे माती, पीक, पाऊस. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. नाशिकच्या मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणांचे संशोधन आहे. गोदावरी महामंडळाकडे प्रकल्पांची दप्तरे, विद्यापीठांत प्रबंध. यातल्या एका ठिकाणी काय आहे हे दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला ठाऊक नसते. मग शेतकऱ्याने कुणाला विचारायचे?

एक उदाहरण देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतले. त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाणच लागला आणि मग खाली वेगळा खडक आला. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. औसा, निलंगा भागात शेतकरी आठशे-हजार फुटांवर बोअर नेतो, कर्ज काढतो आणि ‘अजून थोडे खाली गेले की खडक बदलेल’ या आशेवर राहतो. हजार फुटांवरही तो त्याच पाषाणात असू शकतो, हे सांगणारा कागद तीस वर्षांपासून आहे. तो औशाच्या शेतकऱ्याला मराठीत कुठे वाचायला मिळतो?

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो. १९७८ साली बालाघाटाच्या कुशीतल्या एका गावाजवळ साठवण तलावाची जागा पाहिली होती. नाला चांगला, दोन्ही बाजूंनी टेकड्या. लांबून पाहणारा म्हणेल इथेच बांधा. पण चाचणी खड्डे घेतल्यावर खाली मांजऱ्या नावाचा खडक लागला, तोही फुटलेला आणि सांध्यासांध्यांतून पाणी सोडणारा. त्या जागेचा लांबछेद, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापाचा नकाशा, मी स्वतः उतरवला. आमच्या उपअभियंत्यांनी शेऱ्यात लिहिले होते, ‘पाया पाझरतो. साठ्यासाठी जागा योग्य नाही.’ तलाव रद्द झाला. पुढे पंचवीस-सव्वीस वर्षांनी दुसऱ्या योजनेत त्याच नाल्यावर, जुन्या खुणेपासून शंभर पावलांवर, साठवण तलाव बांधला गेला. पोळ्याला काठोकाठ भरला आणि दिवाळीला कोरडा. गावकऱ्यांनी ठेकेदाराला शिव्या घातल्या. मी गेलो तेव्हा बांध मला चांगला वाटला. दोष जागेचा होता आणि तो १९७८ साली लिहून ठेवलेला होता. ज्यांनी नवा तलाव आखला त्यांना जुना कागद आहे हेच माहीत नव्हते. पाझर तलाव म्हणून तीच जागा उत्तम ठरली असती, खालच्या विहिरींना पाणी उतरले असते. तोच पैसा, तोच नाला, फक्त आधीच्या माणसाने काय पाहिले ते कळायला हवे होते.

तो कागद कुठे गेला हेही मला माहीत आहे. सरकारी अभिलेखांची वर्गवारी असते. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचे, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे थोडी वर्षे आणि ‘ड’ म्हणजे एकच वर्ष. रद्द झालेल्या कामाच्या कागदाला कोण ‘अ’ देणार? काम झाले नाही, देयक निघाले नाही, लेखापरीक्षणात काही येणार नाही. म्हणून जिथे पाणी थांबत नाही त्या जागांची माहिती आधी नष्ट होते आणि नेमकी तीच पुढच्या माणसाला लागते. कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलले तेव्हा गठ्ठे रद्दीत गेले. मी रजेवर होतो. परत आल्यावर रद्दीवाल्याकडे गेलो तर तराजूजवळ फील्ड बुकांची, म्हणजे जागेवरच्या मोजणीच्या वह्यांची, चळत होती. नऊ किलो कागद मी माझ्या पैशांनी विकत आणला. त्या तलावाचा मूळ छेद मात्र त्यात नव्हता.

ट्रेसिंगच्या कापडाचे तर आणखी वाईट झाले. नव्या मुलांना ठाऊक नसेल, पण हे कापड गरम पाण्यात टाकले की वरची खळ निघून जाते आणि आत तलम, पांढरे सुती कापड उरते. लोक ते नेत आणि त्याची टोपडी शिवत. त्या गरिबीत मी कुणाला दोष देत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी स्वतः अठरा वर्षांचा असताना खडी फोडली आहे, सुकडी आणि मिलो खाल्ला आहे. पण एका नाल्याच्या सगळ्या उंच-सखल जागा ज्या कापडावर होत्या, त्याची शाई अशी धुऊन गेली.

त्याहून जुना थर उर्दूचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि दप्तर उर्दूत होते. आमच्या कार्यालयात उर्दू माध्यमात शिकलेले एक अव्वल कारकून होते. जुन्या नोंदवह्यांतले खुश्की म्हणजे कोरडवाहू, तरी म्हणजे भिजणारी जमीन, हे त्यांनी मला शिकवले. ते निवृत्त झाले आणि त्या वह्या वाचणारे कुणी उरले नाही. मांजरा आमच्या बीड जिल्ह्यात उगम पावते आणि तिच्यावर १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर बांधला गेला. एवढे मोठे धरण नदी मोजल्याशिवाय बांधत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या मांजरेचे ते आकडे आज लातूरच्या अभ्यासकाच्या हाती असते, तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणताना तरी आपल्याला आपल्या नदीबद्दल अधिक कळले असते.

आणि जुने दप्तर निघत नाही, असे मला कुणी सांगू नये. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या तहसिलींत मोडी आणि उर्दू कागद बाहेर काढले गेले, वाचणारे शोधले गेले, हैदराबादलाही माणसे गेली. त्या विषयाच्या बाजूने वा विरुद्ध मला इथे बोलायचे नाही. मनावर घेतले तर काही महिन्यांत कागद सापडतात, एवढे मी पाहिले.

माझी मागणी इमारतीची नाही. इमारत म्हटली की जागा कुठे यावरून वाद सुरू होईल. नवे महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यात काय झाले ते आपण पाहिले आहे. आधी फक्त यादी करा. वर सांगितलेल्या प्रत्येक संस्थेने आपल्याकडे माती, पाणी, खडक, पाऊस, जंगल यांचे कोणते अहवाल आणि नकाशे आहेत, याची यादी एकाच नमुन्यात करावी आणि त्या सगळ्यांची मिळून एक यादी लोकांसाठी खुली ठेवावी. कुठल्या गावाचा, कुठल्या नाल्याचा कागद आहे, हे त्यात असलेच पाहिजे, कारण आमचा माणूस गावाच्या नावाने शोधतो. मग स्कॅनिंग. अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या जुन्या छापील प्रती, आधी घ्यावेत, ते उजेडात फिके पडत चालले आहेत.

दोन गोष्टी तर एका शासन निर्णयाने होतील. पाण्याच्या किंवा मातीच्या कोणत्याही सर्वेक्षणाचे अंतिम देयक निघण्याआधी अहवालाची एक प्रत आर्लिससारख्या एका सामाईक ग्रंथालयात जमा झाली पाहिजे. आणि कोणतेही तांत्रिक अभिलेख नष्ट करण्यापूर्वी त्यांची यादी तिथल्या ग्रंथपालाला दाखवली पाहिजे, विशेषतः रद्द झालेल्या कामांची. वाचायला येणाऱ्याकडे शिफारसपत्र मागू नये. निजामी राजवटीत सभेवर बंदी होती तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने गावोगावी वाचनालये काढली आणि तिथे बसून लोक शहाणे झाले. त्या मुलखात आपल्याच नाल्याचा नकाशा पाहायला शेतकऱ्याने माहिती अधिकाराचा अर्ज भरावा, हे मला सहन होत नाही.

दर ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाणी आहे की नाही, यावरून नगर-नाशिक आणि आपण भांडतो. या पाणीवाटपावरचा २०१३ चा मेंढेगिरी समितीचा अहवाल प्रत्यक्ष वाचलेली माणसे मला अजून दोनच भेटली आहेत. तो कुठल्या टेबलावर पडलेला असता, तर भांडणारे निदान आपल्या बाजूचे आकडे तरी नीट सांगू शकले असते.

रद्दीतून आणलेले नऊ किलो कागद माझ्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवले आहेत. त्यात १९७४ ते १९८३ मधली १७ फील्ड बुके, ११ अमोनिया प्रिंट आणि चाचणी खड्ड्यांच्या नोंदींची एक वही आहे. कुठल्या गावचे काय, याची यादी मी आणि भाचीने दिवाळीच्या सुटीत केली. कोणतीही सार्वजनिक संस्था हे सांभाळायला तयार असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. मी एसटीने स्वतः आणून देईन. त्याबद्दल पैसे नकोत, पण जमा केल्याची पोच आणि नोंद क्रमांक मात्र हवा.

आपला,
एक सेवानिवृत्त अनुरेखक,
अंबाजोगाई, जि. बीड