देवाच्या नावावर खपणारी वाक्यं

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम. परवा फोनवर तू विचारलंस ते डोक्यातून जातच नाहीये. तुझ्या मैत्रिणीचे वडील गेले आणि जो येईल तो तिला "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं", "देवाची इच्छा" असं म्हणत होता आणि तुला ते ऐकवत नव्हतं, आणि मग तुलाच वाटलं की आपण तर येशूवर विश्वासणारे, आपल्याला हे खटकायला नको होतं. तेव्हा नेटवर्क सारखं जात होतं म्हणून निवांत लिहितेय. खटकलं ते बरोबरच खटकलं बाळा, त्यात तुझा विश्वास कमी पडला असं काही नाही.

बायबलमधला यहेज्केलचा १८वा अध्याय काढून बघ. बाबेलच्या बंदिवासातले इस्राएली लोक एक म्हण म्हणायचे, की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात पोरांचे आंबले. म्हणजे आमचं काही चुकलेलं नाही, आईबापांचं पाप आम्ही भोगतोय. किती पटकन पटतं ना? पण देव स्वतःच्या जिवाची शपथ घेऊन सांगतो की ही म्हण इस्राएलात पुन्हा कोणी म्हणायची नाही. सगळे म्हणतात म्हणून ते खरं असं देवानंच मानलं नाही, मग रोजच्या तोंडातलं वाक्य बायबलच्या वचनाला लावून बघणं हा आगाऊपणा कसा होईल?

आता "करावं तसं भरावं" घे. पेरलं तेच उगवतं हे गलतीकरांच्या पत्रात आहेच, पण ते आपण आपल्याला म्हणायचं, दुसऱ्याच्या संकटाकडे बोट दाखवून नाही. येशूच्या शिष्यांनी एका जन्मांधाकडे बघून विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. आणि शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले तेव्हा लोकांच्या मनात हेच, की ते जास्त पापी असतील. येशूनं लूक १३ मध्ये ते तिथेच तोडलं आणि उलट विचारणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितलं. आजारी माणसाला बघून आल्यावर बाहेर जी कुजबुज चालते ना, "काहीतरी केलं असेल", तेव्हा मला हा बुरूज आठवतो.

"देव झेपेल तेवढंच देतो" हे तर आपल्या चर्चमध्ये पण सर्रास ऐकशील. लोक १ करिंथ १०:१३ दाखवतात, पण तिथे प्रेषित पौल मोहाच्या परीक्षेबद्दल बोलतोय, मोहात पडताना देव सुटकेची वाट ठेवतो असं. आणि तोच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर इतकं आलं की ते आमच्या शक्तीबाहेरचं होतं, जगायचीसुद्धा आशा सुटली होती. म्हणजे पौलाला झेपलं नाही! आणि तो म्हणतो की म्हणूनच आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला शिकलो. ज्याला झेपत नाहीये त्याला "तुला झेपेल" म्हटलं की तो बिचारा एकटाच पडतो, त्याला रडायची पण चोरी.

आणि "जे होतं ते चांगल्यासाठीच". रोमकरांस ८:२८ मध्ये आहे की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याण करतात. पण प्रत्येक गोष्ट चांगली असते असं तिथे कुठे म्हटलंय? त्याच्या थोडं आधी अख्खी सृष्टी कण्हतेय, आणि पुढच्या ओळीत ते कल्याण म्हणजे काय ते पण आहे, आपण त्याच्या पुत्रासारखे होणं. मरणाला तर पौल शेवटचा शत्रू म्हणतो, मग शत्रू घरात शिरला तर आपण ते चांगलं झालं कसं म्हणणार?

योहान ११ मी परत परत वाचते. येशूचा मित्र लाजर जाऊन चार दिवस झालेले. त्याची बहीण मार्था येऊन येशूला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. नंतर दुसरी बहीण मरिया येते आणि अगदी तेच वाक्य म्हणते. मार्थाला येशू सांगतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरिया रडतेय हे बघून तो व्याकूळ होतो आणि स्वतः रडतो. तक्रार एकच, पण एकीला वचन दिलं आणि दुसरीबरोबर अश्रू ढाळले. आणि थोड्याच वेळात आपण लाजरला उठवणार हे त्याला माहीत होतं तरी रडला! हे मला फार मोठं वाटतं.

एका घरी मी भेटायला गेले होते तेव्हा कोणीतरी त्या बाईला म्हणालं, रडू नका, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. ती लगेच गप्प झाली, पदराने डोळे पुसले आणि आलेल्यांना पाणी द्यायला उठली. सांत्वन नाही झालं तिचं, फक्त तोंड बंद झालं.

म्हणून सगळ्याच म्हणी टाकून दे असं नाही हं. नीतिसूत्रे २६ मध्ये मूर्खाला उत्तर देऊ नको असं एक वचन आहे आणि लगेच खाली मूर्खाला उत्तर दे असं आहे, दोन्ही खरी, कधी कोणतं ते ओळखायला अक्कल लागते. "प्रयत्नांती परमेश्वर" अभ्यासाला बसताना खुशाल म्हण, फक्त तारणाच्या, म्हणजे पापातून सुटण्याच्या, बाबतीत नको, तिथे आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. "नशिबातच होतं" आणि "टच वूड" मात्र सोडून दे, आपण बापाच्या हातात आहोत, नशिबाच्या आणि लाकडाच्या नाही.

मैत्रिणीकडे परत जा. थोड्या दिवसांनी लोकांचे फोन कमी होतात, तेव्हा जा. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस नुसते जमिनीवर बसून राहिले तेच त्यांनी सगळ्यात बरं केलं, पुढे बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. तिच्या वडिलांबद्दल तिला बोलू दे, नाव घेऊन विचार. कॉलेजचे फॉर्म, बँकेची कामं असली तर बरोबर जा. प्रार्थना करू का असं आधी विचार, हो म्हणाली तर छोटीशी कर, आणि देवानं असं का केलं असं तिने विचारलंच तर मला माहीत नाही म्हणून सांग, येशू रडला तेवढं मात्र सांग.

रविवारी दुपारी फोन कर, पप्पा पण घरी असतील, त्यांना तुझ्याशी रोमकरांसवर बोलायचंय.

तुझी,
मम्मी