आमचे युनिट आम्ही वाचवले, आमचे आकडे तुम्ही का देत नाही? – ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मुंबईच्या उपनगरातल्या ४८ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. परवा आमची वीजबिलं आली आणि त्याच रात्री आमच्या ‘वीज बचत’ या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नऊ जण बाहेर पडले. जाताना एकाने लिहिलं, “मॅडम, वाचवून काय मिळालं?” त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते आपल्याकडे असलं पाहिजे, म्हणून हे पत्र.

घडलं ते असं. आमच्या निम्म्याहून जास्त घरांना या महिन्यात सरासरी बिल आलं आहे. मीटर रूमला कुलूप असल्याने रीडिंग घेता आलं नाही, असा शेरा आहे. मीटर रूमची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला चोवीस तास टांगलेली असते, आणि त्याच्या रजिस्टरमध्ये रीडिंग घ्यायला कुणी आल्याची नोंदच नाही. माझ्या बिलात ३१२ युनिट दाखवलेत. माझ्याकडे १ तारखेच्या रात्री काढलेले मीटरचे फोटो आहेत, गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा. दोन्हींतला फरक १८७ युनिटांचा आहे. ३०० च्या पुढे गेलं की दर चढतो, हे मी आपल्याला सांगायला नको. वर इंधन समायोजन आकार, वहन आकार, आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. जी वीज मी वापरलीच नाही, तिच्यावरही शुल्क. वीज कंपनीच्या कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, “पुढच्या बिलात वळतं होईल.” बिल थकलं तर आमची वीज पुढच्या महिन्यात तोडता का? मग आमचे पैसे तेवढे पुढच्या महिन्यात का?

याच सुमाराला अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिलही आलं, गेल्या वर्षीच्या वापरावर काढलेलं. म्हणजे वर्षभर घाम गाळून वापर कमी करायचा आणि ठेव भरायची जुन्या वापराची.

आता हा ग्रुप काय होता ते सांगते. गेल्या ऊर्जा संवर्धन सप्ताहात आमच्या वीज कंपनीचे अधिकारी आमच्या सोसायटीत आले होते. खुर्च्या आम्ही मांडल्या, चहा आम्ही दिला. त्यांनी सगळ्यांसमोर माइकवर सांगितलं की तुम्ही ग्रुप करा, बचतीला लागा, आम्ही दर महिन्याला तुमच्या इमारतीचा एकूण वापर आणि आजूबाजूच्या तशाच इमारतींचा वापर काढून तुम्हाला पाठवू, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. फोटो काढले, ते त्यांच्या पानावर चढले. आकडा आजतागायत एकही आला नाही. मी मेल केले, पत्रं दिली, पोच घेतली. शेवटी एका साहेबांनी सांगितलं की असा आकडा द्यायची तरतूद नाही. मग माइकवर कशाच्या जोरावर बोललात?

आम्ही मात्र थांबलो नाही. महिन्याच्या १ तारखेला रात्री प्रत्येकाने आपल्या मीटरचा फोटो काढायचा आणि युनिट ग्रुपवर टाकायचे, असं ठरवलं. दोन कुटुंबांनी हरकत घेतली की युनिट एकदम कमी दिसले तर घर बंद आहे हे सगळ्यांना कळेल. हरकत बरोबर होती. म्हणून ज्यांची तयारी आहे त्यांचेच आकडे टाकायचे, असा नियम केला. सुरुवातीला मी सगळ्यांची सरासरी काढून टाकत असे. तर पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, “आम्ही सरासरीच्या बरेच खाली आहोत, मग एसी लावायला काय हरकत आहे?” आणि लावलाही. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात नेमकं हेच दिसलं होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. घराघराच्या दारावर शेजाऱ्यांच्या सरासरीचा कागद अडकवला, तेव्हा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर नुसता एक हसरा चेहरा काढला, तेव्हा त्यांचा वापर वाढायचा थांबला. आम्हीही सरासरी टाकणं बंद केलं आणि ज्याचे युनिट गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा कमी, त्याला नावानिशी शाबासकी द्यायला लागलो. काकांनी एसी २६ वर नेला.

शेजारधर्म हा असा कामाला येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे युनिट काही केल्या उतरेनात. ग्रुपवरच्या एका मुलाने त्यांना सांगितलं, फ्रिजच्या दारात दहाची नोट धरा, दार लावा आणि नोट ओढा. नोट सळकन बाहेर आली. दाराचं रबर गेलं होतं, फ्रिज दिवसरात्र धापा टाकत होता. रबर बदललं, पुढच्या महिन्यात फरक दिसला. एकदा सगळे झोपल्यावर मीटर रूममध्ये उभी राहिले, तर गावी गेलेल्या एका घराच्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. गिझर चालू राहिला होता. ग्रुपवर विचारलं, त्यांच्या भावाने येऊन बंद केला. हे कुठल्या जाहिरातीने झालं असतं?

आणि सरकारकडून आम्हाला काय येतं? पोस्टर. त्यात दोनतृतीयांश जागेत नेत्यांचे फोटो आणि खाली ‘वीज वाचवा, देश वाचवा’. एसीचं तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. जुना पंखा ७५ वॉट खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा ३० च्या आसपास. हे मोठ्या अक्षरांत लिहायला जागा उरत नाही का?

सरकारला जमत नाही असंही मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये उजाला योजना आली, स्वस्तात एलईडी बल्ब हातात मिळाले, देशभरात ३६ कोटींच्या वर वाटले गेले. लोकांनी ते घेतले, कारण सांगितलं ते मिळालं. त्याआधी, २००५ नंतरच्या भारनियमनात, ‘अक्षय प्रकाश’ योजना होती. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. गावोगावी लोकांनी एकत्र बसून ठरवलं की संध्याकाळी मोटारी, गिरण्या, हीटर लावायचे नाहीत, फक्त दिवे, पंखे, टीव्ही. बदल्यात त्या वेळी गावाची वीज जाणार नाही. कुणी चोरून मोटार लावली तर गावच त्याला जाब विचारायचं. तेव्हा ना व्हॉट्सॲप होतं ना ॲप. गावाने शब्द पाळला, कारण समोरूनही पाळला जात होता. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही. माझी सगळी तक्रार एवढ्याच एका गोष्टीत आहे.

जपानचं उदाहरण घ्या. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली, टोकियोत विजेचा तुटवडा पडला. ट्विटरवर तरुण मुलांनी आपणहून वीज वाचवण्याची मोहीम उघडली. पण सरकार आणि वीज कंपनीनेही आज वीज किती आहे आणि मागणी किती आहे, याचा आकडा हवामानाच्या अंदाजासारखा रोज लोकांपुढे ठेवला. उन्हाळ्याचं लक्ष्य १५ टक्के कपातीचं होतं. टोकियोच्या वीज कंपनीची कमाल मागणी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी खाली आली. तिथे आकडा लोकांना दिला म्हणून लोकांनी तो खाली आणला. अमेरिकेत लाखो घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारे अहवाल पाठवले जातात, तिथे सरासरी बचत साधारण २ टक्के निघाली. दोन टक्के फार नाहीत असं आपले अधिकारी म्हणतील. मुंबईची उन्हाळ्यातली मागणी ४,००० मेगावॉटच्या वर जाते. ढोबळ हिशेबाने त्याचे दोन टक्के म्हणजे ८० मेगावॉट, आणि खर्च एका कागदाचा.

माझ्या घरात सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आहे, ती विजेवर चालते. मे महिन्यात मध्यरात्री वीज गेली. गादी बसत चालली, त्या कण्हत होत्या, मी आणि मुलगी त्यांना आळीपाळीने कूस बदलून देत होतो. हेल्पलाइनवर नुसतं संगीत वाजत होतं. पहाटे अंधारातच माझ्या फोनवर संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ वीज आली ती ऊन वर आल्यावर. ज्या बाईने शेजाऱ्यांच्या दारोदारी जाऊन सांगितलं की कंपनीवर विश्वास ठेवा, तिच्या फोनवर हा संदेश! साहेब, हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो.

राग एका बिलाचा नाही. गॅसची सबसिडी सोडा, कचरा वेगळा करा, पाणी जपून वापरा, गिझर बंद करा, सगळं आम्हीच करायचं. आम्ही करतोही. आणि आमच्या गल्लीतले रस्त्यावरचे दिवे भर दुपारी जळत असतात. चौकातली होर्डिंग रात्रभर लखलखतात. सरकारी कार्यालयात रिकाम्या खुर्च्यांवर एसी सुरू असतो, तिथे मी स्वतः अर्ज घेऊन कुडकुडत उभी राहिले आहे. तुमच्या कार्यालयांचे युनिट कुठल्या ग्रुपवर टाकता? मंत्रालयाचा महिन्याचा वापर फलकावर लावा. आमचे मीटर आम्ही उघडे करतो, तुम्ही एक करा. नागरिकाने शिस्त पाळायची आणि कारभाऱ्यांनी पोस्टर लावायचं, ही वाटणी कुणी ठरवली?

आमची मागणी मोठी नाही. कुठलीही सोसायटी मागेल, तर तिच्या इमारतीचा महिन्याचा एकूण वापर तिला मिळालाच पाहिजे, असा आदेश काढा. एकूण आकड्याने कुणाचं खासगी काही उघडं पडत नाही. ग्राहकाने तारखेसह मीटरचा फोटो पाठवला असेल, तर त्याला सरासरी बिल लावायचं नाही. वापर खरोखर कमी केलेल्यांची ठेव नव्या वापरावर मोजा. आणि आमच्या इमारतीची या महिन्याची बिलं पुढच्या नाही, याच महिन्यात दुरुस्त करून द्या.

ज्यांनी परवानगी दिली त्या सगळ्या घरांचे मीटरचे फोटो आपल्या कार्यालयाला वेगळे पाठवले आहेत. बिल भरण्याची मुदत येत्या आठवड्यात संपते. बाहेर पडलेल्या नऊ जणांना मी सांगितलं आहे की मंत्र्यांचं उत्तर आलं की ते जसंच्या तसं तुम्हाला दाखवीन.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव,
मुंबई उपनगर